जॉन इलियट आणि त्यांचें पुस्तक

मिशनरी हा शब्द निघाला कीं आमच्या घरांतील वडील मंडळी थोडी सावरून बसत. त्यांनीं शाळा काढल्या, छापखाने काढले हें सर्वांस मान्य; पण शाळेच्या मागून बाप्तिस्मा येतो ही धास्तीहि अगदींच खोटी नव्हती. ती धास्ती वाचकांनीं मनांतून काढून टाकावी असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या गृहस्थाची हकीकत येथें सांगावयाची आहे त्याच्या आयुष्यांत दुसऱ्याविषयींची कळकळ आणि दुसऱ्याचा धर्म बुडविण्याची हौस हे दोन धागे असे गुंतले आहेत कीं, एक ओढला असतां दुसरा हातीं येतोच.

जॉन इलियट यांचा जन्म इंग्लंडांत १६०४ सालीं झाला. केंब्रिज येथें शिक्षण घेऊन १६३१ मध्यें ते अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत गेले आणि बोस्टनजवळच्या रॉक्सबरी गांवीं धर्मोपदेशक झाले. तेथील मूळ रहिवाशांची भाषा शिकावी असें त्यांच्या मनानें घेतलें. पण शिकावी कशी? त्या भाषेचें व्याकरण नव्हतें, कोश नव्हता, वर्णमालाहि नव्हती.

१६३७ सालीं पीक्वॉट जमातीशीं वसाहतवाल्यांचें युद्ध झालें. त्यांत लाँग आयलंडचा कॉकिनो नांवाचा एक तरुण कैद झाला व शेजारच्या गांवांत एका इंग्रजाच्या घरीं चाकरीस राहिला. इलियट यांचा पहिला गुरु हाच. गुरु घरचा चाकर आणि शिष्य केंब्रिजचा पदवीधर! त्याच्याच साह्यानें दहा आज्ञा व ख्रिस्ती प्रार्थना यांचें पहिलें भाषांतर झालें.

ह्या भाषेंत नामांचा भेद पुरुष व स्त्री असा नसून सचेतन व अचेतन असा आहे. आकाशांतली तारा सचेतनांत, तर वाटेवरचा दगड अचेतनांत. दुसरी गंमत मराठी वाचकांस विशेष वाटेल. इंग्रज एका शब्दांत जें म्हणतो त्याला आपल्याप्रमाणेंच त्या लोकांपाशीं दोन शब्द होते: ऐकणाऱ्यास धरून ‘आपण’ आणि त्यास वगळून ‘आम्ही’. आतां ईश्वराला हांक मारतांना ‘आपल्या पित्या’ म्हटलें तर ईश्वराचाहि कोणी पिता असल्यासारखें होईल. तेथें ‘आमच्या’ हाच शब्द हवा. इलियट यांच्या भाषांतरांत ‘नूशून’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ तंतोतंत ‘आमचा पिता’. इंग्रजी मुळांत हा भेद दिसत नाहीं. तो शिकविणारे त्या भाषेंत वाढलेलेच लोक.

२८ ऑक्टोबर १६४६ रोजीं नॉनॅन्टम येथें वेबन नांवाच्या पुढाऱ्याच्या झोंपडींत इलियट यांनीं त्या लोकांस त्यांच्याच भाषेंत उपदेश केला. ऐकणारे मुकाट बसले नाहींत. आमच्या भाषेंतील प्रार्थना तुमच्या देवाला कळते काय, असा प्रश्न आला. तेव्हां त्यांचीच विणलेली एक टोपली पुढें ठेवण्यांत आली: ज्यानें ती विणली त्याला तिच्यांतील काडी न् काडी ठाऊक असणारच. उत्तर चांगलें आहे. पण आम्हांस प्रश्नच अधिक चांगला वाटतो.

१६५१ त नॅटिक येथें धर्मांतरितांचें गांव वसलें. केस कसे ठेवावे, संसार कसा करावा ह्याचे नियमहि ठरले. बाटलेल्या माणसानें इंग्रजासारखें दिसावें हा हट्ट कशासाठीं, हें आम्हांस कधींच उमगलें नाहीं.

नवा करार १६६१ त आणि समग्र बायबल १६६३ त केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथें छापून निघालें. अमेरिकेंत छापलेलें हें पहिलें बायबल, आणि तें इंग्रजींत नव्हतें! पैसा इंग्लंडमधील एका मंडळीनें पुरविला. खिळे जुळविणाऱ्यांत निपमक जमातीचा वोवॉस हा मुलगा होता. त्याला पुढें जेम्स प्रिंटर असेंच नांव पडलें. भाषांतरास जॉब नेसुटन व जॉन सॅसमन यांचें साह्य होतें. मुखपृष्ठावर मात्र इलियट एकटेच. आमच्याकडे केरीसाहेबांच्या मराठी ग्रंथांमागें वैद्यनाथ पंडित होते, हें तरी किती जणांस ठाऊक आहे?

१६७५ त सॅसमनचा खून झाला, त्याबद्दल तिघांना देहांताची शिक्षा झाली, आणि मेटाकॉमच्या युद्धाचा वणवा पेटला. ज्यांनीं नवा धर्म घेतला होता त्यांच्यावरहि इंग्रजांचा विश्वास राहिला नाहीं. नॅटिकच्या लोकांना ऑक्टोबरांत डीअर बेटावर नेऊन टाकलें. हिवाळ्यांत अन्नावांचून व थंडीनें पुष्कळ मेले. कैद्यांना गुलाम म्हणून परदेशीं विकूं नये, असा लेखी अर्ज सत्तरी उलटलेल्या इलियट यांनीं सरकारास केला; तो मानला गेला नाहीं. बायबलाच्या प्रतीहि बहुतेक नाहींशा झाल्या.

तरी म्हाताऱ्यानें पुन्हां आरंभ केला. युद्धांत शत्रुपक्षांत गेलेला जेम्स प्रिंटर परत आला होता. पानें जुळवून तीं समजून शुद्ध करील असा हाच एक मनुष्य आहे, असें इलियट यांनीं रॉबर्ट बॉइल यांस लिहिलें. दुसरी आवृत्ति १६८५ त निघाली. १६९० त इलियट वारले.

एकोणिसाव्या शतकांत ती भाषा बोलणारें कोणी उरलें नाहीं. घरांत मुलांशीं बोलणें बंद झालें, एवढेंच पुरेसें झालें. इंग्रजी शाळेपायीं ज्यांच्या घरीं आजी व नातवंडें एकमेकांस समजेनाशीं झालीं आहेत त्यांना हें फोड करून सांगावयास नको.

पण १९९३ च्या सुमारास जेसी लिटल डो बेअर्ड ह्या वॉम्पनोग बाईंनीं ती भाषा परत मिळविण्याचें मनावर घेतलें. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत केनेथ हेल यांच्यापाशीं त्या भाषाशास्त्र शिकल्या. हातीं काय होतें? इलियट यांचें बायबल, आणि त्याच अक्षरांत त्यांच्या पूर्वजांनीं लिहिलेलीं मृत्युपत्रें, जमिनीचे खरेदीखत आणि पत्रें. धर्म बुडविण्यास आलेल्या पुस्तकांतून शब्द वेंचून त्यांनीं बोलणें जुळविलें. त्यांची मुलगी ही शंभराहून अधिक वर्षांत पाळण्यापासून ती भाषा बोलणारी पहिली मुलगी.