उणे नऊचा नंबर, लेन्सची डबी आणि घरचे लोक

आज डोळ्यांबद्दल बोलू या. माझ्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे नऊ आहे, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडाफार हक्क आहे.

आधी नंबर म्हणजे काय ते सांगते, कारण वर्षानुवर्षं चष्मा लावणाऱ्यांनाही ते कुणी सांगितलेलं नसतं. शंभराला नंबराने भागा. उत्तर येईल तितक्या सेंटीमीटरपर्यंत तुम्हाला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. उणे दोनवाल्याला पन्नास सेंटीमीटर, उणे पाचवाल्याला वीस, आणि मला साधारण अकरा. म्हणजे मांडीवरच्या बाळाचा चेहरासुद्धा मला उचलून नाकाजवळ आणल्याशिवाय दिसत नाही. डोळ्याचं बुबूळ बिघडलेलं नसतं, बहुतेक वेळा डोळा मागच्या बाजूला जरा जास्त लांब वाढलेला असतो. त्यामुळे प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून ही लांबी कमी होत नाही. मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र खरी आहे. जी मुलं रोज तासन्‌तास बाहेर उजेडात खेळतात, त्यांना हा नंबर लागण्याचं प्रमाण कमी आढळतं. भिलाईच्या सेक्टरांमधली मैदानं ओस पडू देऊ नका, एवढंच म्हणते.

घरात बाळ आलं की चष्म्याची खरी परीक्षा सुरू होते. पहिली सहा महिने तो ओढला जातो, पुढची सहा महिने फेकला जातो. फोडणी दिली की वाफ, स्कूटरवर धूळ. माझ्या लेकीने वर्षभरात दोन काड्या मोडल्या तेव्हा मी लेन्स घेतल्या. पहिल्यांदा घातल्या त्या दिवशी सगळं मोठं दिसलं. तो भास नव्हता. जाड उणे भिंग वस्तू लहान करून दाखवतं, आणि लेन्स डोळ्यालाच टेकलेली असल्यामुळे तो फरक बराचसा जातो. म्हणूनच लेन्सचा नंबरही चष्म्याहून कमी असतो. माझा उणे नऊचा उणे आठच्या आसपास आला. चष्म्याचा कागद दाखवून दुकानातून थेट लेन्स घेऊ नका, बुबुळाचं माप द्यावं लागतं.

या मऊ लेन्सचा जन्मही एका घरातच झालेला. ओटो विख्टरले नावाचे चेक रसायनशास्त्रज्ञ होते. सरकारने संशोधनाचा आधार काढून घेतला, तेव्हा 1961 च्या नाताळात त्यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातले तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच एक यंत्र उभं केलं. पाणी शोषून मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा थेंब फिरत्या साच्यात टाकायचा, तो कडेला पसरतो, आणि लेन्स तयार. स्वयंपाकघरात पसारा पडला म्हणून आपण ओरडतो, तेव्हा मला हे गृहस्थ आठवतात.

आता चूक सांगते, माझीच. लेन्स लागल्यावर चष्मा बदलून घ्यायचा मी सोडून दिला होता. घरात पडलेला चष्मा उणे सातचा. नात्यातल्या लग्नाला नागपूरला गेले तेव्हा तोही बरोबर घेतला नाही. रात्री हळदीचा गोंधळ, लेकरू कडेवर, कपाळावर हात टेकला आणि लेन्ससकट झोपले. सकाळी उजवा डोळा लाल, उजेड सहन होईना. औषधाच्या दुकानातून थेंब आणले, दोन दिवस घातले. त्यात स्टेरॉइड होतं. भिलाईत परतल्यावर डॉक्टरांनी बुबुळावर व्रण झाल्याचं सांगितलं. जखम भरली, डाग उरला. आजही रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा त्या डोळ्यात फुटून पसरतो.

असं का होतं? बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो. लेन्स घालून डोळा मिटला की तो पुरवठा आणखी घटतो, वरचा थर कमकुवत होतो, आणि लेन्सवर बसलेल्या जंतूंना आयती वाट मिळते. नळाच्या पाण्यात अकांथामीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो एकदा बुबुळात शिरला की उपचार महिनोन्‌महिने चालतात. म्हणून लेन्स पाण्याने कधीच धुवायची नाही, अगदी फिल्टरच्याही. अंघोळीआधी काढायची. डबीतलं सोल्यूशन रोज पूर्ण ओतून नवं घालायचं, वर थोडं भर टाकून भागवायचं नाही. डोळा लाल, दुखरा किंवा धुरकट झाला की लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हिरवी मिरची चिरली असेल त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाकडून तरी लेन्स काढून घ्यावी असं वाटतं. साबण दोनदा लावला तरी तिखट बोटांवर राहतं. मी त्या दिवशी मिरचीचं काम नवऱ्याकडे दिलंय. आणि आपल्याकडे मे महिन्यात कूलर थेट तोंडावर घेऊन बसायची सवय आहे, त्या वाऱ्याने लेन्स सुकून टोचायला लागते. कूलरचं तोंड फिरवा.

भिलाईत आणखी एक गोष्ट ऐकू येते: वेल्डिंगच्या ठिणगीने लेन्स बुबुळाला चिकटते. ही अफवा जुनी आणि अमेरिकेतली आहे. 1967 मध्ये बाल्टिमोरजवळच्या एका गोदीतल्या कामगारावरून ती पसरली. त्याच्या बुबुळाची इजा लेन्स फार तास घातल्यामुळे झाली होती, आणि ती बरीही झाली. पण म्हणून लेन्स म्हणजे संरक्षण नव्हे. प्लांटमध्ये जाणाऱ्यांनी लेन्सवर सेफ्टी गॉगल घालायलाच हवा.

मोठा नंबर असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. लांबलेल्या डोळ्यात पडदा ताणलेला असतो. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके खूप वाढले, किंवा बाजूने सावली सरकत आली, तर तो पडदा सुटत असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नका. लेन्सने किंवा नंबर घालवण्याच्या ऑपरेशनने हा धोका कमी होत नाही, कारण डोळ्याची लांबी तीच राहते.

चाळिशीनंतर मजा येते. लेन्स लावून लांबचं लख्ख, पण मोबाइल दूर धरावा लागतो, आणि वरून जवळचा चष्मा. माझ्या सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लांबचं छान दिसतं, सुई मात्र ओवता येत नाही. परवा त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी लेन्स काढल्या, सुई अकरा सेंटीमीटरवर धरली आणि पहिल्या फटक्यात ओवली.