लांब पल्ल्याची धाव आणि शरीर

४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांबची शर्यत म्हणजे अल्ट्रामॅरेथॉन. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स सुमारे ९० किलोमीटरची असते. इतकं धावताना, विशेषतः उतारावर, मांड्यांचे स्नायूतंतू फाटतात. त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर तडक दवाखाना गाठा.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून सराव पहाटेच उरका. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. त्यात नुसतं पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम घटतं. मळमळ, डोकेदुखी, पुढे बरळणं सुरू होतं. तहानेपुरतंच प्या. धावताना वेदनाशामक गोळ्या टाळा, त्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

शर्यतीनंतर जिना उतरवत नाही. ते दुखणं काही दिवसांत ओसरतं, थकवा मात्र आठवडे रेंगाळतो. तोवर जोरकस सराव नकोच.