श्रीगोंद्याला हवी पुण्याची लोकल!

दौंड–मनमाड लोहमार्ग 1878 पासून आपल्या तालुक्यातून जातो. आता त्याचं विद्युतीकरण झालंय. पुणे–दौंड मार्गावरही विजेच्या तारा आहेत. मग पुण्याची लोकल अहिल्यानगरपर्यंत का धावू नये?

पूर्वी दौंडला इंजिन फिरवावं लागायचं. आता दौंड स्थानक टाळणाऱ्या कॉर्ड लाईनवरून गाडी थेट अहिल्यानगरकडे वळते. मेमू, म्हणजे विजेवरच्या लोकल गाडीच्या डब्यांतच मोटारी असतात, त्यामुळे ती थांब्यावरून चटकन वेग घेते. म्हणजे काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर असे जवळजवळचे थांबे तिला सहज जमतील.

सकाळी पुण्याकडे, संध्याकाळी परत, आणि स्टेशनपासून गावात यायला जोडून एसटी. विद्यार्थी, नोकरदार, लिंबूउत्पादक, सगळ्यांचीच सोय होईल. ग्रामसभेत ठराव मांडा, खासदारांना निवेदन द्या!