मलिक अंबर, कपाशी आणि वर्गातला मोबाईल

कृष्णवर्णीयांचा इतिहास अकोल्या-अमरावतीच्या पोरांना कशाला शिकवायचा, असं विचारणाऱ्याला आधी नरनाळ्यावर न्यावं. अकोट तालुक्यातला हा किल्ला आणि चिखलदऱ्याजवळचा गाविलगड १५७४ च्या सुमारास वऱ्हाडच्या इमादशाहीच्या हातून गेले आणि अहमदनगरच्या निजामशाहीत आले. मोहीम मुर्तझा निजामशहाची, पण सूत्रं त्याचा पेशवा चंगीझखान याच्याकडे. हा चंगीझखान हबशी, एकेकाळी स्वतःच गुलाम होता. त्याने विकत घेतलेल्या गुलामांत एक तरुण होता. इथिओपियातला, जन्मनाव चापू, मोखा आणि बगदादच्या बाजारांतून विकला जात दख्खनेत पोचलेला. तोच पुढे मलिक अंबर.

चौथीच्या ‘शिवछत्रपती’त शहाजीराजांच्या निमित्ताने हे नाव येतं. निजामशाहीचा कर्तबगार वजीर, भातवडीची लढाई, की झालं, धडा पुढे सरकतो. तो आफ्रिकेतून आला होता हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास विचारणा होते, “म्हणजे थो काळा होता काय, सर?” आणि वर्ग हसतो. रागावून उपयोग नसतो. सरळ ‘हो’ म्हणावं आणि चित्र दाखवावं.

“चित्रात आहे म्हणजे तसं घडलं”

जहांगीर बादशहाचा चित्रकार अबुल हसन याने सुमारे १६१६ मध्ये काढलेलं एक चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे आणि नेटवर मोठं करून पाहता येतं. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा, हातात धनुष्य. समोर भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं कापलेलं मुंडकं. पोरांना आधी एवढंच दिसतं. मग बोटांनी चित्र ताणून मोठं करायला लावायचं. मुंडक्यावर घुबड बसलंय, दुसरं घुबड खाली कोसळतंय. गोलाखाली बैल आणि बैलाखाली मासा. मोकळ्या जागेत फारसी अक्षरं. पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, की हे खरं नसणार, पृथ्वीवर कोण उभं राहतं?

तिथून वस्तुस्थितीकडे यावं. अंबरचं मुंडकं जहांगीरला कधीच मिळालं नाही. १६१६ मध्ये मोगल सरदार शाहनवाजखान आपल्या अकोला जिल्ह्यातल्या बाळापुराहून निघाला आणि त्याने रोशनगावजवळ अंबरचा पराभव केला, हे खरं. पण अंबर त्यानंतर दहा वर्षं लढत राहिला. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकत्र हरवलं आणि १६२६ मध्ये वृद्धापकाळाने वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. हे चित्र म्हणजे हाती न लागलेल्या शत्रूवर रंगांनी काढलेला राग. शेजारच्या खिडकीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं हाशिमने काढलेलं अंबरचं चित्र उघडावं. तिथे पांढऱ्या झिरझिरीत जाम्यातला, बाजूने दिसणारा एक प्रौढ, शांत माणूस उभा आहे. एकच माणूस, दोन चित्रं. कोणतं कुणी, कशासाठी काढलं असेल, यावर पोरांना भांडू द्यावं. माझ्या मते तंत्रज्ञानाचा इतिहासाच्या तासाला याहून मोठा उपयोग नाही.

“डिजिटल म्हणजे स्मार्ट टीव्ही आणि व्हिडिओ”

टीव्ही लावून पोरांना गप्प बसवणं हे खडू-फळ्यापेक्षा वेगळं नाही. नकाशा, दस्तऐवज, आकडे पोरांच्या हातात देता आले आणि त्यांना प्रश्न विचारता आले, तर ते साधन. वर उल्लेखलेल्या दोन्ही चित्रांसाठी शिक्षकाचा एक मोबाईल पुरतो. घरूनच प्रती उतरवून घेतल्या तर मेळघाटातल्या शाळेतही रेंजची वाट पाहायला नको.

उलटा धोकाही आहे. २०१५ मध्ये डेन्मार्कच्या एका कंपनीच्या शैक्षणिक खेळात गुलामांची शरीरं जहाजाच्या तळात ठोकळ्यांसारखी बसवण्याचा भाग होता. जगभर ओरड झाल्यावर तो काढावा लागला. जिथे यातनेचे गुण मिळतात तिथे पोरं गुणच मोजणार. ‘तू गुलाम हो, तू मालक हो’ असली नाटुकलीही वर्गात नकोत. ज्याला घरी-दारी रंगावरून, जातीवरून आधीच ऐकावं लागतं, त्याच्याच वाट्याला नेमकी ती भूमिका येते. आणि हल्ली ऐतिहासिक व्यक्तीच्या तोंडून बोलणारे चॅटबॉट आलेत. ते मलिक अंबरच्या नावाने ऐटीत वाटेल ते सांगतील. पोरांनी त्यातलं खोटं शोधून काढायचं ठरलं, तरच त्यांना वर्गात घ्यावं.

“सगळे गुलाम अमेरिकेत गेले”

चित्रपट पाहून असंच वाटतं. ‘स्लेव्ह व्हॉएजेस’ या खुल्या संकेतस्थळावर ३६ हजारांहून अधिक गुलामवाहू सफरींच्या नोंदी आहेत. बंदर निवडा, वर्षं निवडा, नकाशावर रेघा उमटतात. १६ व्या ते १९ व्या शतकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिकपार जाणाऱ्या जहाजांत चढवली गेली आणि सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली, असा तिथला अंदाज. मधली १८ लाख वाटेत गेली. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवलेली माणसं ४ लाखांच्या आसपास. एकट्या ब्राझीलमध्ये त्याच्या दहापटीहून जास्त. ही वजाबाकी पोरांकडूनच करवून घ्यावी. आणि मग विचारावं, मलिक अंबर या नकाशावर कुठे आहे? तो नाहीच. कारण तो लाल समुद्रामार्गे, वेगळ्या बाजाराने आला.

“अमेरिकेच्या युद्धाने वऱ्हाडात कापूस आणला आणि शेतकरी गब्बर झाला”

अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरला जात होता, तेव्हा अमेरिकेत युद्धाचा मागमूस नव्हता. पण लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी बहुतेक अमेरिकेच्या दक्षिणेतून येई आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असे. १८६० च्या अमेरिकी जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे ३९ लाख ५० हजार आहे. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, बंदरं अडली, मुंबईचे भाव कैक पटींनी चढले आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर स्थिरावली.

पैसा झाला, पण तो अडते, सावकार आणि मुंबईच्या सट्टेबाजांच्या गाठीला जास्त लागला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. गंमत म्हणजे रेल्वेचा मुख्य मार्ग नागपूरला पोचला १८६७ मध्ये, आणि खामगावचा फाटा व्हाइसरॉय मेयोने उघडला १८७० मध्ये. तेजी ओसरली होती, पण रूळ मात्र कापूस इंग्लंडला नेण्यासाठीच पडत होते.

इथे दोन पडदे शेजारी-शेजारी लावावेत. एकीकडे १८६५ मध्ये कायद्याने मुक्त झालेलं अलाबामाचं कृष्णवर्णीय कुटुंब: जमीन मालकाची, बियाणं उधारीवर, पीक आधीच दुकानदाराकडे अडकलेलं. दुसरीकडे दर्यापूर-तेल्हाऱ्याचा कास्तकार, सावकाराकडून पेरणीला पैसा घेऊन बसलेला. दोघांच्या कापसाचा भाव लिव्हरपूलला ठरत होता. साम्य आहे, पण म्हणून दोघांचं दुःख सारखं असं पोरांना सांगू नये. कास्तकाराला कुणी बाजारात विकलं नव्हतं आणि त्याची लेकरं मालकाची मालमत्ता नव्हती. हा फरक झाकणारी सहानुभूती नुसती भोंगळ असते.

“कार्व्हरने पीनट बटरचा शोध लावला”

मराठी घरांना कृष्णवर्णीय अमेरिकेची ओळख बहुधा वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मधून झाली. कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ कार्व्हरचं हे चरित्र १९८१ चं. त्या प्रेमापोटी कार्व्हरच्या नावावर काय काय चढलं! पीनट बटर त्याचं नव्हे. शेंगदाण्याच्या अशा लगद्याचं पेटंट कॅनडाच्या मार्सेलस एडसनला १८८४ मध्येच मिळालं होतं, तेव्हा कार्व्हर कॉलेजातही गेला नव्हता. त्याच्या स्वतःच्या नावावर तीनच पेटंट आहेत, तीही सौंदर्यप्रसाधनं आणि रंगांची.

त्याचं खरं काम वऱ्हाडच्या पोरांना शहरी पोरांपेक्षा लवकर कळेल. सतत कापूस घेऊन चोथा झालेल्या जमिनीत शेंगवर्गीय पिकं घ्या, पालटून घ्या, हे त्याने अलाबामातल्या टस्कीगीच्या गरीब शेतकऱ्यांना साध्या भाषेत लिहून सांगितलं. थकलेली जमीन कशी सुधारायची यावरची त्याची पत्रिका १९०५ ची आहे. १९०६ पासून घोडागाडीतून अवजारं आणि बियाणं नेऊन गावोगाव प्रात्यक्षिकं सुरू झाली. अशा कितीतरी पत्रिका स्कॅन होऊन खुल्या आहेत. एक पान उघडून मराठीत आणा आणि घरी आजोबांना दाखवून विचारा, पऱ्हाटीत तुरीच्या ओळी का टाकता? हा गृहपाठ अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेजारच्या शाळेत जसा चालेल, तसा अंजनगावातही.

“इंग्रजी येत नसेल तर हे शिकवता येत नाही”

याला उत्तर म्हणून मी एकच कागद सुचवीन. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, अशी विचारणा त्यात आहे. दु बॉइस यांनी जुलैच्या अखेरीस उत्तर दिलं. दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नेटवर ठेवली आहेत. बाबासाहेबांचं पत्र छोटं आहे, आठवीचा वर्ग शब्दकोश घेऊन एका तासात लावतो. त्याआधी पोरांना फक्त एवढं सांगावं: ज्या माणसाचा पुतळा तुमच्या चौकात आहे, त्याला अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा अर्ज कशासाठी हवा होता, ते पत्रातून शोधा. उत्तरं फळ्यावर लिहून घ्यावीत, आणि मग कोणतं उत्तर पत्रातल्या कोणत्या ओळीवर उभं आहे, ते एकेकाला दाखवायला लावावं.