प्रतिकृती विमानातील मोटारचलित पंखा

प्रतिकृती विमानातील मोटारचलित पंखा म्हणजे विमानाच्या प्रमाणबद्ध स्थिर प्रतिकृतीच्या नाकात लहान विद्युत मोटार बसवून तिच्या आसाला प्रोपेलर म्हणजेच पंखा जोडण्याची रचना होय. अशी प्रतिकृती उडत नाही. मूळ विमानाचे इंजिन सुरू असतानाचे दृश्य मेजावर किंवा काचेच्या कपाटात उभे करणे एवढाच तिचा हेतू असतो. त्यामुळे उडणाऱ्या एरोमॉडेलमध्ये ज्या ओढशक्तीला महत्त्व असते, ती येथे नको असते. येथे पंख्याची दिशा, वेग आणि मोटारीचे टिकाऊपण यांचा विचार प्रथम करावा लागतो.

इतिहास

फिरत्या पंख्याची छोटी विमाने ही प्रत्यक्ष विमानाहून जुनी आहेत. फ्रेंच संशोधक आल्फोन्स पेनो याने १८७१ साली पॅरिस येथे पीळ दिलेल्या रबराच्या बळावर पंखा फिरवणारे लहान विमान उडवून दाखवले. पेनोच्याच धर्तीचे रबरावर चालणारे उडते खेळणे १८७८ मध्ये राइट बंधूंना त्यांच्या वडिलांनी आणून दिले होते. विसाव्या शतकात प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून प्रतिकृती बनवण्याचा छंद रूढ झाला. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीने १९७० मध्ये १:२४ प्रमाणातील स्पिटफायर विमानाचा संच बाजारात आणला. त्यात पंखा फिरवण्यासाठी मोटार बसवण्याची सोय होती. पुढे भ्रमणध्वनी आणि लहान ड्रोन यांच्यामुळे अतिसूक्ष्म मोटारी स्वस्त झाल्या व १:७२ सारख्या लहान प्रमाणातही ही रचना शक्य झाली.

मोटारीची निवड

मोटारीचा आकार प्रतिकृतीच्या प्रमाणावर अवलंबून असतो. १:७२ प्रमाणात नाकातील जागा अत्यल्प असल्याने भ्रमणध्वनीतील कंपन-मोटार वापरतात. तिचा व्यास सुमारे ४ मिलिमीटर असतो. आसावरील एका बाजूस जड असलेला धातूचा तुकडा काढल्यावर ती कंप न पावता फिरते. १:४८ प्रमाणात लहान ड्रोनमधील ६ ते ७ मिलिमीटर व्यासाची मोटार बसते. १:३२ आणि १:२४ प्रमाणांत खेळण्यांतील नेहमीची मोटार किंवा दंतचक्रे जोडलेली मंदगती मोटार वापरता येते. भ्रमणध्वनी दुरुस्तीची दुकाने आणि मोडकी खेळणी हे या साहित्याचे सुलभ स्रोत असल्याने जालना, अंबड, परतूर यांसारख्या गावांतील विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग आवाक्यातला आहे.

वेग

मूळ विमानाचा पंखा समजुतीपेक्षा बराच सावकाश फिरतो. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाची कमाल गती मिनिटाला ३,००० फेरे होती. परंतु मधल्या दंतचक्रांमुळे पंख्याला त्याच्या ०.४७७ पट, म्हणजे सुमारे १,४३० फेरे मिळत. याउलट ड्रोनची मोटार भाराविना मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे घेऊ शकते. वेग दुप्पट झाला की पात्यावर बाहेरच्या दिशेने येणारा ताण चौपट होतो. अशा वेगात प्लॅस्टिकचे पाते निखळून डोळ्याला इजा करू शकते. म्हणून वेग कमी करणे ही केवळ शोभेची बाब नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्याखाली आणखी एक परिणाम दिसतो. घरगुती वीजपुरवठ्यावर काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. पंखा मिनिटाला १,५०० म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेत असेल, तर दोन लुकलुकींमध्ये तो पाव फेरा पुढे सरकतो. त्यामुळे दोन पात्यांचा पंखा चार पात्यांचा व स्थिर असल्यासारखा भासतो. सूर्यप्रकाशात मात्र त्याची अर्धपारदर्शक चकती दिसते.

वीजपुरवठा

मोटारीला तिच्या क्षमतेएवढेच विभवांतर द्यावे लागते. १.५ व्होल्टची, ५० मिलिअँपिअर धारा घेणारी मोटार ३ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायची असल्यास उरलेले १.५ व्होल्ट रोधकावर खर्च करावे लागतात. ओहमच्या नियमानुसार १.५ ला ०.०५ ने भागल्यास ३० ओहम हे उत्तर येते. बाजारात त्याच्या जवळचा ३३ ओहमचा रोधक मिळतो. सुरुवातीला मोटारीला अधिक धारा लागत असल्याने रोधक जोडलेली मोटार कधीकधी आपोआप सुरू होत नाही. वीज अतिवेगाने चालू-बंद करून गती राखणारा वेगनियंत्रक वापरल्यास ही अडचण बहुधा टळते.

बॅटरी विमानात न ठेवता लाकडी बैठकीत ठेवणे सोयीचे असते. तारा चाकांच्या दांड्यांतून किंवा आधाराच्या पोकळ नळीतून वर नेतात. शेपटीवर टेकणाऱ्या विमानांत मोटारीच्या वजनामुळे नाक खाली झुकण्याची भीती असते, तसेच फिरता पंखा प्रतिकृतीला पुढे ओढतो. म्हणून चाके बैठकीला पक्की चिकटवावी लागतात.

फिरण्याची दिशा

दिशेतील चूक सर्वांत सामान्य असते. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरे, तर नंतरच्या ग्रिफन इंजिनाचा पंखा त्याच्या उलट दिशेने. भारतीय हवाई दलाने दोन्ही प्रकार वापरले आहेत : मर्लिनवर चालणारे चार पात्यांचे मार्क ८ आणि ग्रिफनवर चालणारे पाच पात्यांचे मार्क १४. समोरून पाहिल्यास दिशा उलटी दिसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल केल्यास दिशा बदलते. पात्याची जाड, गोलसर कड पुढे जात असेल तर दिशा योग्य समजावी.

मोटार जळण्याची कारणे

मोटार फिरत असताना तिच्यात उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण होतो व तो धारेला आवर घालतो. पंखा अडकला की हा दाब नाहीसा होऊन धारा अनेक पटींनी वाढते, वेटोळे तापते आणि सभोवतालचे प्लॅस्टिक मऊ पडते. आसाभोवती सांडलेला गोंद किंवा रंग हे अडकण्याचे प्रमुख कारण होय. प्रतिकृतीचे नाक कायमचे चिकटवले असल्यास बिघडलेली मोटार बाहेर काढण्यासाठी पूर्ण झालेले विमान फोडावे लागते. यासाठी नाकाचा भाग लहान चुंबकांनी बसवण्याची पद्धत आहे. बटणासारखे सेल लहान मुलांनी गिळल्यास जिवावर बेतू शकते. बैठकीचे झाकण म्हणून स्क्रूने बंद करतात.

भारतीय विमाने

या रचनेस एकच इंजिन असलेली विमाने विशेष सोयीची असतात. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ज्या पुस मॉथ विमानातून कराचीहून मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले, त्या प्रकारच्या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ११.२ मीटर होता. १:७२ प्रमाणात तो सुमारे १५.६ सेंटिमीटर भरतो. मराठी अभियंते डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूर येथे रचना झालेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने १९५१ मध्ये पहिले उड्डाण केले. १०.७२ मीटर विस्ताराच्या या विमानाची १:४८ प्रमाणातील प्रतिकृती सुमारे २२.३ सेंटिमीटर रुंद होते.

शैक्षणिक उपयोग

प्रमाण, ओहमचा नियम, विद्युत चलित्र आणि वर्तुळाकार गती हे शालेय अभ्यासक्रमातील विषय या एकाच उपक्रमात एकत्र येतात. मोटार नाकात बंद करण्यापूर्वी ती काही काळ मेजावर चालवून तिचे तापमान, दिशा व कंप तपासणे हा या उपक्रमातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.