पुढे काय होणार, ओळखा पाहू!

लासूर स्टेशनला मी दहावीच्या मुलींची शिकवणी घेते. गणिताला न घाबरणाऱ्या मुलीही ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हा धडा आला की हिरमुसतात. ‘ताई, डावीकडचं दिलंय, उजवीकडचं कसं ओळखायचं? किती पाठ करू?’ हे ठरलेलं वाक्य! मग घरूनच निरोप येतो, ‘अकरावीला आर्ट्सच घेऊ दे तिला.’ मला खरी काळजी वाटते ती इथं.

पाठ करायचं नसतंच मुळी. अभिक्रियेचा प्रकार ओळखायचा. दोघांचं मिळून एक झालं की संयोग. एकाचे दोन-तीन झाले की अपघटन. जास्त क्रियाशील धातूनं कमी क्रियाशील धातूला हुसकावलं की विस्थापन. दोघांनी जोडीदारांची अदलाबदल केली की दुहेरी विस्थापन. मग दोन्हीकडचे अणू मोजायचे, झालं!

आपल्याकडे तर हे शेतातच दिसतं. मोसंबीच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण करतात. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर अजून चुना हवा. का? लोखंड तांब्यापेक्षा क्रियाशील. ते मोरचुदातल्या तांब्याला बाहेर काढून स्वतः त्याची जागा घेतं. उत्पादितं कोणती? फेरस सल्फेट आणि तांबं. हे सांगितल्यावर एक मुलगी ओरडलीच, ‘म्हणजे आमचे बाबा रोज विस्थापन करतात!’

मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त मार्कांचा नाही. पावसाळ्यात पाण्यासाठी आणलेली ब्लिचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड, दोन्ही एकदम टाकलं तर ‘दुप्पट स्वच्छ’ होईल असं वाटतं. पण उजवी बाजू लिहून बघा: कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि क्लोरीन वायू! पहिल्या महायुद्धात १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर शस्त्र म्हणून सोडला तोच हा वायू. ही अभिक्रिया वरच्या चार प्रकारांत चपखल बसत नाही, म्हणून ती लक्षातच ठेवायची. ही दोन्ही कधीच एकत्र करू नका. चुकून झालंच आणि उग्र वास आला, तर आधी मोकळ्या हवेत या.

रसायनशास्त्र आईला यायलाच हवं असं नाही. लेक वही घेऊन बसली की समीकरणाची उजवी बाजू हातानं झाका आणि विचारा, ‘सांग, पुढे काय होईल? आणि का?’ ती समजावून सांगू लागली की समजावं, तिला कळलंय. सायन्स घ्यायचं की नाही ते तिचं तिनं ठरवावं. न कळलेल्या एका धड्यानं ते ठरवू नये, इतकंच.