डबाबंद टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल : पोषणमूल्यांची तुलना कशी करावी?

टोमॅटोची आवक एकाच वेळी वाढली की भाव कोसळतात आणि प्रक्रियेचा पर्याय चर्चेत येतो. अशा वेळी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. डब्यात गेलेल्या टोमॅटोत सत्त्व उरते काय? आणि त्यासोबत ऑलिव्ह तेलच वापरावे काय? या दोन्ही पदार्थांच्या पोषणमूल्यांची तुलना केल्यास उत्तरे स्पष्ट होतात.

१०० ग्रॅममधील घटक

डबाबंद टोमॅटो : पाणी सुमारे ९४ टक्के, ऊर्जा सुमारे १७ किलोकॅलरी, कर्बोदके सुमारे ४ ग्रॅम, प्रथिने १ ग्रॅमपेक्षा कमी, स्निग्धांश नगण्य, पोटॅशियम सुमारे १९० मिलिग्रॅम, जीवनसत्त्व 'क' सुमारे १० मिलिग्रॅम.

ऑलिव्ह तेल : ऊर्जा सुमारे ८८४ किलोकॅलरी, स्निग्धांश जवळपास १०० ग्रॅम (त्यात एक-असंपृक्त मेदाम्ले सुमारे ७३, संपृक्त मेदाम्ले सुमारे १४ ग्रॅम), जीवनसत्त्व 'ई' सुमारे १४ मिलिग्रॅम. जीवनसत्त्व 'क', तंतुमय पदार्थ व प्रथिने नाहीत.

मोजमाप ताटातील प्रमाणाचे हवे

वरील आकडे बरोबर असले तरी त्यांवरून थेट निष्कर्ष काढणे दिशाभूल करणारे ठरते, कारण १०० ग्रॅम तेल कोणी एका वेळी खात नाही. २०० ग्रॅम डबाबंद टोमॅटोपासून सुमारे ३५ किलोकॅलरी मिळतात, तर एक चहाचा चमचा तेलापासून सुमारे ४०. या प्रमाणात टोमॅटोतून सुमारे १ मिलिग्रॅम जीवनसत्त्व 'ई' मिळते. चमचाभर तेलातून मात्र त्याहून कमी. म्हणजेच तक्त्यात श्रीमंत दिसणारा पदार्थ ताटातही तसाच असेल असे नाही.

प्रक्रियेत काय जाते, काय टिकते?

उष्णतेमुळे जीवनसत्त्व 'क'चा काही भाग नष्ट होतो. लायकोपीन हे लाल रंगद्रव्य मात्र बऱ्याच अंशी टिकते. शिवाय उष्णतेने पेशीभित्तिका मोकळ्या होऊन ते शरीराला अधिक सहजपणे मिळते. लायकोपीन स्निग्ध पदार्थात विरघळणारे असल्याने त्याच्या शोषणासाठी आहारात थोडे तेल आवश्यक असते. जर्मनीतील संशोधक स्टाल व सीस यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तेल घालून उकळलेला टोमॅटोचा रस प्यायल्यावर रक्तातील लायकोपीन वाढले. न उकळलेल्या रसाने तशी वाढ दिसली नाही. त्या प्रयोगातील तेल मक्याचे होते, ही बाब लक्षणीय आहे.

तेल कोणते?

टोमॅटो व तेल हे परस्परांचे पर्याय नसून पूरक आहेत. ऑलिव्ह तेलात एक-असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असते आणि शुद्धीकरण न केलेल्या व्हर्जिन तेलात पॉलिफिनॉलही आढळतात, हे त्याचे खरे वैशिष्ट्य होय. राजस्थानात इस्रायली तंत्रज्ञानाच्या साहाय्याने ऑलिव्हची लागवड झाली असली, तरी देशातील बहुतांश ऑलिव्ह तेल आयातीतूनच येते. लायकोपीनच्या शोषणापुरते पाहता महाग तेलाची अट नाही. भुईमुगाच्या तेलातही निम्म्याच्या आसपास एक-असंपृक्त मेदाम्ले व ऑलिव्ह तेलाच्या तोडीचे जीवनसत्त्व 'ई' असते. टोमॅटोच्या भाजीला दिलेली नेहमीची फोडणी हे काम करते.

प्रक्रिया करणाऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

• ताज्या टोमॅटोत १०० ग्रॅममागे सोडियम केवळ ५ मिलिग्रॅम असते. मीठ घातलेल्या डबाबंद उत्पादनात ते १०० मिलिग्रॅमहून अधिक असू शकते. मीठ टाळावे किंवा त्याचे प्रमाण वेष्टनावर नमूद करावे.

• टोमॅटोचा सामू सुरक्षिततेच्या ४.६ या मर्यादेच्या आसपास असतो. म्हणून अर्ध्या लिटरच्या बरणीस पाव चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालावे आणि शिफारस केलेल्या वेळेइतकी उष्णताप्रक्रिया पूर्ण करावी.

• टोमॅटोवर तेलाचा थर दिला म्हणजे तो टिकतो, हा समज धोकादायक आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि आम्लता कमी असल्यास तेथे बोट्युलिझमचे जिवाणू वाढून विष तयार करू शकतात. तेल वापरताना, स्वयंपाकाच्या वेळीच घालावे.

• विक्रीसाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी अथवा परवाना आवश्यक आहे.

प्रशिक्षणवर्गात सांगावयाचे सूत्र थोडक्यात असे : टोमॅटो शिजवून खावा, त्यात चमचाभर स्थानिक तेल असावे आणि जीवनसत्त्व 'क'साठी सोबत ताजे फळ किंवा कोशिंबीर असावी.